पुन्हा तीच गोळी

“हीच गोळी? हिचा मागे काही उपयोग झाला नव्हता,” ती म्हणाली आणि चिठ्ठी टेबलावर परत सरकवली.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. मागच्या वेळी नैराश्यावरच्या या गोळीची मात्रा अगदीच कमी होती, आणि गुण यायच्या आतच गोळी बंद केली होती, असं त्यांनी समजावलं. पुरेशा मात्रेत, पुरेसा वेळ देऊन पाहायला काय हरकत आहे? तिला हरकत होती. पुन्हा आशा लावून घ्यायची आणि पुन्हा तोंडघशी पडायचं, एवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

नवऱ्यानं चिठ्ठी उचलून खिशात घातली.

“माझ्यासाठी घे,” तो म्हणाला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलणं मोजकं, काम चोख. रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन तो पलंगाशी उभा राहायचा आणि तिनं गिळल्याशिवाय हलायचा नाही. सुरुवातीला तोंडाला कोरड आणि मळमळ, एवढाच काय तो गुण. एकदा तिनं गोळी थुंकून टाकली. तो मुकाट्यानं दुसरी घेऊन आला. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं तिची ताई फोनवर म्हणाली, आणि ते तिलाही पटलं.

मग एके दिवशी आंघोळ करताना ती गुणगुणायला लागली आणि स्वतःच दचकली. हळूहळू भूक लागू लागली. धूळ खात पडलेलं शिलाई मशीन तिनं पुसलं आणि पडदे शिवायची कामं पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये नवरा एकदम माणसं चढवायचा नाही. आधी वजनं ठेवून बघायचा, मग ती वाढवत न्यायचा. बायकोच्या बाबतीतही त्यानं तेच धोरण ठेवलं. आधी तिला एकटीला भाजी आणायला पाठवलं. मग बँकेत. फ्यूज उडाला तर काय करायचं तेही शिकवलं. शेवटी कामासाठी तो आठवडाभर परगावी गेला. ती एकटी जेवली, एकटी झोपली, कदाचित घोरलीही असेल. तो परतला तेव्हा घर लख्ख होतं आणि ती दारात हसत उभी होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यासाठी कुणी इतकं झुरतं, या विचारानं तिलाही भरून आलं.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाई खूश झाल्या. गोळी मात्र चालू ठेवायची होती. नवरा निघता निघता दारात थबकला.

“उद्या काही धक्का बसलाच, तर सावरेल ना ही?”

“सावरतील की,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता खंबीर झाल्यात त्या.”

त्यानं मोठा श्वास सोडला.

घरी आल्यावर तिनं त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं. इतकी वर्षं ती नुसती घेतच आली होती. आता तिला द्यायचं होतं.

“तुम्ही माझ्यासाठी फार केलंत,” ती म्हणाली. “आता तुम्हाला काय हवं ते मागा. नाही म्हणणार नाही.”

त्यानं तिच्याकडे मायेनं पाहिलं.

“मला जाऊ दे,” तो म्हणाला. “आजारी बायकोला टाकलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून आम्ही दोघं थांबलो होतो.”