कोट, बूट, हातमोजे

“ओरड ना,” लुदरचाचा म्हणाले. “गाडी काय तुझ्या तोंडाकडे बघून थांबणार आहे?”

बनिता रस्त्याच्या कडेला पुढे सरकली. वळणावरून दिल्लीची गाडी येत होती. आतली माणसं काचेला नाक लावून बर्फ बघत होती. तिने तोंड उघडलं. “कोट... बूट... हातमोजे...” शेजारी उभ्या असलेल्या चाचांनाही ते धड ऐकू आलं नाही. गाडी पुढे गेली आणि शेरसिंगच्या दुकानासमोर थांबली. शेरसिंग मान वर करून कोंबड्यासारखा आरवत होता.

बर्फ यंदा उशिरा पडला, पण पडला. सगळ्या दुकानांनी कोट-बूट भाड्याने द्यायला माणसं आधीच ठेवून घेतली होती. हिवाळ्याची सुट्टी लागल्यापासून बनिता दुकानोदुकान फिरत होती. कुणी म्हणालं, मुलगाच पाहिजे. कुणी म्हणालं, कॉलेजवाली ना, सुट्टी संपली की पळशील. अहो, सुट्टीपुरतंच काम मागतेय म्हटल्यावर पळणारच की. पण हे कोणी कोणाला सांगायचं? चाचांच्या दुकानातला गिऱ्हाइकांना हाका मारणारा माणूस घसा बसून घरी गेला, म्हणून आज दुपारपर्यंत तिची परीक्षा होती. काम मिळालं तर कुल्लूच्या हॉस्टेलातली खाट राहणार होती. नाही मिळालं तर बापाने स्पष्ट सांगितलं होतं, कॉलेज विसर, घरी बस.

आणि आवाज काही निघेना. निघणार कुठून? संक्रांतीला आमच्या धारगीचा देव स्वर्गात जातो, आणि तो परत येईपर्यंत गावात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. देवळाच्या घंटा बांधून ठेवतात. टीव्ही मुका, मोबाइल मुका. शिट्टी होते म्हणून कुकरसुद्धा माळ्यावर जातो आणि राजमा दिवसभर पातेल्यात रटरटत बसतो. भांडणंही कुजबुजत होतात, आणि ती जास्त झोंबतात. नाल्यापलीकडे हा नेम नाही, आणि दुकान पलीकडेच आहे. म्हणजे बनिताला ओरडायची पूर्ण मुभा. पण नाला ओलांडलाय हे घशाला कोण सांगणार?

“तुमचा देव तिकडे स्वर्गात,” चाचा म्हणाले. “मग भितेस कुणाला?”

“भीत नाही हो चाचा. निघतच नाही. जाताना माझा आवाजही घेऊन गेलाय मेला.” बोलून गेली आणि घाईघाईने तिने दोन्ही कान पकडले.

चाचा हसले. माणूस वाईट नव्हता. दुपारी त्यांनी तूप घातलेला गरम सिड्डू, आमच्याकडचा वाफवलेला पाव, तिच्या हातावर ठेवला आणि तिचा नंबर लिहून घेतला. “लागलं तर फोन करीन. पण खरं सांगू बेटा, मला गिऱ्हाईक थांबवणारी पाहिजे. पुजारीण काय कामाची?”

बर्फाला लाथा घालत ती परत निघाली. तिला शेरसिंगचा राग येत होता, दिल्लीच्या गाड्यांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. नाल्यावरचा लाकडी पूल ओलांडेपर्यंत सिड्डू हातात गार झाला.

आई अंगणात उन्हाला बसून लोकर कातत होती. “मिळालं?” तिने नुसत्या ओठांनी विचारलं.

बनिताने मान हलवली. “ओरडता येत नाही म्हणाले.”

“एवढंच?” आई कुजबुजली. “त्यात काय मोठंसं? कोट म्हणायचं, बूट म्हणायचं. तेवढंही जमलं नाही?”

“एवढंच?” बनिता म्हणाली, आणि सकाळपासून घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. “कोट! बूट! हातमोजे! कोट घ्या, कोट!”

समोरच्या डोंगराने ते जसंच्या तसं परत पाठवलं. पलीकडच्या रस्त्यावर कुणीतरी ब्रेक दाबला. धारगीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, पण बोललं कुणी नाही. बोलणार कोण?

ताऊ टोपी सावरत धावत आले. ते तिच्या बापाचे थोरले भाऊ, आणि देवळाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. चेहरा लालबुंद झालेला, आणि तो सगळा संताप त्यांना कुजबुजत काढायचा होता. “अक्कल गहाण टाकलीस काय? देव परत आला की त्याला तोंड कोणी द्यायचं? आता एक शब्द काढलास तर बघ.”

इतक्यात बनिताच्या हातातला फोन उजळला. लुदरचाचा. तिने फोन ताऊंपुढे धरला आणि नुसती बघत राहिली. आईने दिराला हात जोडले. ताऊंनी एक मोठा सुस्कारा टाकला.

“घे,” ते पुटपुटले. “पण हळू.”

“बनिता?” फोनमध्ये चाचा आणि गाड्यांचे हॉर्न एकदमच आले. “आत्ता पलीकडून ओरडली ती तूच ना? अगं, अख्खा रस्ता वळून बघत होता. उद्यापासून ये. येतेस ना?”

“येते चाचा,” ती कुजबुजली.

“काय? मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही. हो की नाही ते आत्ताच सांग, शेरसिंगची मेहुणी इथे समोर उभी आहे काम मागत.”

बनिताने ताऊंकडे पाहिलं. ताऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

ती वळली आणि पुलाकडे धावत सुटली. गुडघाभर बर्फ, फोन कानाला, “थांबा चाचा, थांबा,” एवढंच ओठांत. आणि फोनमध्ये चाचा विचारत होते, “हॅलो? हॅलो? अरे, आहे का कुणी तिकडे?”