एकदम उठायचं नाही

डायलिसिसचे चार तास संपल्यावर मधुकरराव एकदम उभे राहिले, की बीपी धाडकन खाली यायचं आणि डोळ्यांपुढे अंधारी. नसाच सुस्त झाल्यात, सावरत नाहीत, असं डॉक्टर म्हणायचे. म्हणून गेली सहा वर्षं, आठवड्यातून तीनदा, इरावतीबाई त्यांचा हात धरून शेजारी बसायच्या. "अहो, पाच मिनिटं. घाई कसली?"

आज त्यांच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "मधुकररावांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं उभं राहू या." खुर्च्या सरकल्या. इरावतीबाई तेवढ्या बसून राहिल्या. कुणीतरी दंडाला धरून त्यांना उठवायला गेलं.



शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा उभे. आम्ही पाच मिनिटांनी उठतो."