फलाटावर कुणी आहे का

संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांनी बुडापेस्टहून आलेल्या गाडीनं ल्युब्लियाना सोडलं. विमानं बंद झाल्यापासून देशोदेशीच्या सीमा ओलांडणाऱ्या या गाड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. त्यांना चालक नव्हता आणि लहान स्थानकांवर कर्मचारीही नव्हते. पहिल्याच हिवाळ्यात एक म्हातारा ओस फलाटावर गारठून मेला. तेव्हापासून नियम झाला, घ्यायला कुणी आलं असेल तरच गाडी लहान स्थानकावर थांबणार.

ऋजुताताईंचं गाव इटलीच्या सीमेला लागून, सीमेअलीकडचं शेवटचं. नवरा गेल्यापासून त्या तिथे एकट्याच राहत. मुलीचं बाळंतपण उरकून त्या महिन्याभरानं परतत होत्या.

"मिलेनाला सांगितलंयस ना स्टेशनवर यायला?" मुलीनं फोनवर विचारलं.

"निघताना तिच्या दाराला चिठ्ठी अडकवली होती. सोबत लाडूंचा डबा."

"चिठ्ठी? आई, अगं शेजारीण ना ती? बेल वाजवायला काय झालं होतं?"

"कशाला उगाच कुणाला त्रास!"

"मग आता जा इटलीत! नंबर तरी आहे का तिचा?"

"कधी मागितलाच नाही गं."

पलीकडे बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला.

समोरच्या पडद्यावर गावाचं नाव उमटलं. पोचायला चार मिनिटं. खाली लिहिलं होतं, 'फलाटावर कुणीही नाही.'

ऋजुताताईंनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली, पिशवी उचलली आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दारावरच्या पडद्यावर दोन मिनिटं उरली होती. खालची ओळ अजून तीच होती.