शेवटच्या ओळीच्या आधी

चर्चच्या पाळकाने प्रश्न विचारून टाकला आणि लगेच पुस्तकात डोकं घातलं.

चष्म्याच्या दुकानामागची ही खोली. चार वर्षं दर गुरुवारी, दुपारचं दुकान बंद झालं की तो इथे हिब्रू शिकायला येत होता. शिकवायला दुकानाचा मालक, एक यहुदी म्हातारा. दोघांनी मिळून, दोघांच्याही धर्मग्रंथात असलेलं एकाच संदेष्ट्याचं पुस्तक ओळीओळीने वाचत आणलं होतं आणि आज शेवटचं पान होतं. चर्चच्या पंचांनी नेमकं आजच पाळकाला बजावून पाठवलं होतं. त्या पुस्तकात आपल्याला जागोजागी ख्रिस्त दिसतो. म्हाताऱ्याला दिसतो का, ते एकदाचं विचारा. नाही म्हणाला, तर गुरुवार बंद.

चार महिने पंच मागे लागले होते आणि पाळकाने चालढकल केली होती. म्हाताऱ्याने त्याला कधी धर्म विचारला नव्हता, फक्त उच्चार सुधारले होते. त्यामुळे विचारणं जिवावर आलं होतं. शेवटी पंचांचे शब्द त्याने जसेच्या तसे टेबलावर ठेवले.

म्हातारा हातातलं भिंग पुसत राहिला.

"पान राहिलंय अजून," तो म्हणाला. "वाचा."

पाळक वाचू लागला. चुकलं की म्हातारा टेबलावर बोट वाजवायचा. आज तो दोनदा चुकला तरी बोट वाजलं नाही. शेवटची ओळ आली. देवाविरुद्ध उठलेल्यांची प्रेतं, त्यांना लागलेले किडे, कधी न विझणारी आग. पाळकाला वाटलं, या ओळीतच मिळालं आपल्याला उत्तर. एका प्रश्नापायी चार वर्षांच्या ओळखीचा माणूस गमावला, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. पुस्तक मिटून तो उठला.

"कुठे निघालात पाळकसाहेब?"

"संपलं ना, काका."

"असं कसं संपेल? बसा." म्हाताऱ्याने पुस्तक पुन्हा उघडलं. "शेवट इतका जहाल असला की आम्ही यहुदी सभास्थानात त्याच्या आधीची ओळ पुन्हा वाचतो, मगच उठतो. लोकांना तिथून घरी जायचं असतं, बायकापोरांत बसायचं असतं. असलं काही तोंडात घेऊन कसं पाठवायचं त्यांना?"

आधीची ओळ साधी होती. महिन्यामागून महिने सगळी माणसं देवासमोर येऊन वाकतील, एवढंच तिच्यात होतं. पाळकाने सुरुवात केली. दोन शब्दांनंतर त्याला दुसरा आवाज ऐकू आला. चार वर्षांत म्हाताऱ्याने त्याच्याबरोबर कधी वाचलं नव्हतं.

ओळ संपते न संपते तोच फोन वाजला. पंचांचा सचिव, म्हणजे पाळकाचा मेहुणा. त्याला कशातच दम धरवत नसे.

"विचारलंत का दाजी? काय म्हणाला?"

"आधीची ओळ पुन्हा वाचा म्हणाले."

"म्हणजे हो की नाही? सगळे पंच बसलेत इथे माझ्यासमोर."

"वाचली आम्ही. दोघांनी मिळून," पाळक म्हणाला. "आणि त्यांना सांग, यापुढेही दर गुरुवारी दुपारी माझी वाट पाहू नका."