वीतभर हवा

थोरल्याची मूठ ओठावर बसली तेव्हा धाकट्याला आधी दुखलं नाही, नवल वाटलं.

मार्शल आर्टच्या सिनेमांची ही मालिका दोघा भावांनी मिळून दिग्दर्शित केली होती. सध्या पाचव्या सिनेमाची तालीम चालू होती. त्यांची एक रीत होती. कुठलीही मारामारी नटांच्या हाती द्यायच्या आधी हे दोघे ती सगळ्यांसमोर स्वतः करून दाखवत. आधी गोगलगाईच्या चालीनं, मग एकदा पुऱ्या वेगानं. थोरला मारायचा, धाकटा मार खायचा. मूठ सणसणत यायची आणि तोंडापासून वीतभर अलीकडे थांबायची. इतक्या वर्षांत ती वीत कधी चुकली नव्हती.

आज चुकली. धाकटा गादीवर कोसळला, आणि कोसळता कोसळताच त्यानं ठरवलं, की हे ठरवून केल्यासारखं दिसलं पाहिजे. एक कोलांटी घेऊन तो उठला.

"असं पडायचं," तो नटांना म्हणाला. टाळ्या पडल्या.

"सर, रक्तसुद्धा घरूनच लावून आलात?" नायिका हसत म्हणाली.

"माणसानं तयारीत असावं. चला, चहा घ्या सगळे."

भावाला घेऊन तो कपड्यांच्या खोलीत गेला. दार मुद्दामच उघडं ठेवलं. बंद दाराची लगेच चर्चा होते.

"पाय सरकला माझा," थोरला म्हणाला.

"बरं." धाकट्यानं चहाचा कप पुढे केला. थोरल्यानं हात लांबवला, आणि त्याची बोटं कपाच्या अलीकडेच, हवेत मिटली. त्यानं पुन्हा हात लांबवला. या वेळी कप हिंदकळला.

"कोणता डोळा, दादा?"

थोरला कपड्यांच्या रांगेकडे बघत राहिला. "डावा."

"पूर्ण?"

"उजेड कळतो."

"वहिनीला ठाऊक आहे?"

"तिच्यापासून काय लपतंय? गाडीच्या किल्ल्या केव्हाच काढून घेतल्यात तिनं."

"आणि मी कोण, शेजारी?"

"तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस? एक मऊ खुर्ची आणली असतीस. पाठीला उशी. वर छत्री. बसा दादा, आराम करा."

धाकटा या घटकेला खुर्चीचाच विचार करत होता. उद्यापासून काठ्यांची लढाई होती. मुठीनं ओठ फुटतो, काठीनं कवटी. दादाला यापुढे गादीवर उभं करून चालणार नव्हतं. आणि गादीवरून उतरवलेल्या दादाचं करायचं काय, हे त्याला सुचत नव्हतं.

दादाला दिसतं तरी कसं, ते बघावं म्हणून त्यानं स्वतःचा डावा डोळा मिटला. कपाच्या कानाला बोट लावायला गेला, तर बोट बाजूनंच निसटलं. तसाच एक डोळा मिटून तो दाराबाहेर बघत राहिला. बाहेर नायिका आणि खलनायक चहा सोडून आपल्या मारामारीचा सराव करत होते. खलनायकाच्या अंगकाठीमुळे सगळे त्याला 'भिंत' म्हणत. नायिकेची मूठ फिरली आणि भिंतीच्या जबड्यावर अशी बसली, की धाकटा दचकला. त्यानं मिटलेला डोळा उघडला.

मूठ वीतभर लांब होती.

यात जादू काही नाही. दोन डोळ्यांनी बघणाऱ्याला दोन वस्तूंमधली जागा कळते. एकाच डोळ्यानं बघितलं, की पुढची मूठ मागच्या गालाला चिकटलेली दिसते. कॅमेऱ्यालाही एकच डोळा असतो. म्हणून तर सिनेमात कुणाला न लागता इतका मार बसतो. फक्त कॅमेरा नेमक्या जागी हवा. ती जागा शोधण्यात या भावांचा निम्मा दिवस जायचा.

"दादा, जरा बाहेर बघ. लागली का?"

नायिकेची मूठ पुन्हा फिरली.

"आई गं!" थोरला म्हणाला. "मेला की रे बिचारा!"

"वीतभर लांब होती."

"काय सांगतोस?"

थोरला दाराशी गेला. बाहेर आणखी एक ठोसा पडला. तो थोडा डावीकडे सरकला. "आता नाही लागली." पुन्हा उजवीकडे आला. "लागली." त्याच्या चेहऱ्यावर जत्रेत हरवलेली वस्तू सापडल्यासारखं काहीतरी आलं.

"गंमत बघ," तो हळूच म्हणाला. "आपल्या तालमीत आजवर मला एकही ठोसा लागलेला दिसला नाही रे. नुसती मधली हवा दिसायची."

मग भावाची वाट न बघता तो बाहेर पडला. लढणाऱ्या दोघांभोवती सावकाश फिरला, वाकला, मागे सरला आणि एका जागी थांबला.

"कॅमेरा आण," धाकट्यानं मागून हाक दिली. "दादा उभा आहे तिथे लाव."

कॅमेरामन कॅमेरा घेऊन आला आणि थोरल्याच्या डाव्या खांद्याशी तिकाटणं रोवू लागला. धाकटा घाईघाईनं पुढे झाला. काहीतरी सबब सांगावी म्हणून त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात थोरल्यानं हात वर करून त्याला थांबवलं.

"इकडे नको," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "या डोळ्यानं मला दिसत नाही. उजवीकडे लाव."

चहाचे कप होते तिथेच थांबले. नायिकेनं मूठ खाली घेतली. कुणी कुणाकडे बघेना; सगळे त्याच्याकडेच बघत राहिले.

"माझ्याकडे काय बघताय?" थोरला म्हणाला. "एकमेकांना मारा."