सुतकातली चूल

माईंनी एकुलत्या मुलाला, निरंजनला, मंगळाच्या मातीत पुरलं. आत येऊन हेल्मेट काढलं आणि सुनेला, हेमांगीला, विचारलं, "चूल कधी विझवतेस?"

वस्तीतल्या अणुभट्टीला सगळे चूलच म्हणत. मयत झालं की त्या दिवशी चूल पेटवायची नाही, ही रीत माईंनीच इथे आणली होती. आजवर अकराजण गेले. अकरा वेळा भट्टी थंड झाली, आणि सगळ्यांनी बॅटरीवर दिवस काढून कोरडं खाल्लं.

"या खेपेला नाही विझवता येणार, माई." भट्टी हेमांगीच सांभाळायची.

"अकराजणांसाठी विझवलीस. नवऱ्यासाठी नाही?"

"भट्टीच्या झिरकोनियमच्या नळीत हायड्रोजन मुरलाय. गरम असते तोवर तो मुकाट विरघळून राहतो. थंड होताना त्याच्या ठिसूळ सुया होतात आणि नळीला पडलेली चीर पुढे सरकते. दर सुतकात सरकली. आता विझवली तर नळी फुटेल, मग चूल पुन्हा पेटायचीच नाही."

माईंनी तिच्याकडे पाहिलं. निरंजन गेल्यापासून हेमांगी रडली नव्हती. भट्टीवर पाळीला पाळी जोडून उभी होती.

"म्हणजे तापलेली असते तोवर काही होत नाही."

"नाही."

माईंनी परात ओढली, पीठ काढलं.

"जा, कामावर जा. पण काम थांबवशील तेव्हा आधी मला हाक मार. एकटी थंड होऊ नकोस."