येण्याची तसदी घेऊ नये

“वयनी, ‘आजारी हायत’ असा लिव,” धोंडू म्हणाला.

“आजारी लिहिलं तर शेठ विचारपूस करायला हटकून येईल.”

“मग ‘परगावी गेलंत’ लिव.”

“वाट बघत पडवीत बसेल. उठवशील तू त्याला?”

सगुणाने टाक पुन्हा दौतीत बुडवला. मुंबईचे आंब्याचे दलाल रावजीशेठ यांचं पत्र समोर होतं. समक्ष भेटून एक गोष्ट सांगायची आहे, लवकरच बोटीने येतो, एवढाच मजकूर.

त्याला कळलं असणार. तिचा नवरा भिकाजी जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्याच्या हयातीतही तो सांगे आणि सगुणा लिही, म्हणून अक्षर बदललं नव्हतं. पत्राखाली नावही अजून त्याचंच पडत होतं. रावजीशेठ बाईमाणसाशी व्यवहार करत नाही, असं बंदरावर सगळे सांगत. त्याने हात काढून घेतला तर बागेतला आंबा कुणाच्या दारात न्यायचा?

“गावात देवीची साथ हाय, असा लिव. कोण फिरकायचा नाय.”

“आणि साथीच्या गावचा आंबा कोण खाईल? तू?”

धोंडू विडी शोधू लागला.

ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. ‘कृपा करून’ असं लिहिलं होतं ते तिने खोडलं. भिकाजीने हे शब्द जन्मात कुणाला वापरले नव्हते. तिने नवा कागद घेतला.

‘आजवर व्यवहार कागदावर चालला, तसाच चालावा. भेटीने भीड पडते आणि भिडेने भाव पडतो. येण्याची तसदी घेऊ नये.’

तिने वाचून दाखवलं.

“जरा कडू झालाय,” धोंडू म्हणाला.

“तुझा भाऊ गोड कधी होता?”

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. प्रत्येक बोटीच्या दिवशी सगुणा पडवीतून आगरात आणि आगरातून पडवीत खेपा घालू लागली. अशाच एका दुपारी पायरीशी एक वयस्क बाई येऊन उभी राहिली. पदर कपाळावर ओढलेला, मचव्यातून उतरताना लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

“मी काशी. रावजीशेठच्या घरची.”

सगुणाने दाराची चौकट धरली. “शेठ मागून येतायत?”

“भिकाजीरावांना बोलवा, बाई. येऊ नका म्हणाले, तरी आले. दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी मीच सांगते.”

“काय ते मला सांगा.”

“बाईमाणूस म्हणून आंबा बंद करू नका, एवढं त्यांच्या पाया पडून मागायचंय. आमचे शेठ जाऊन तीन वर्षं झाली. पत्रं मीच लिहिते.”